सस्कॅचवानची चौकशी

"इथं म्हैस मिळत न्हाई?" बुटाची नाडी आवळता आवळता आबामामांनी विचारलं.

"नाही मामा. गायी मिळतात."

"मग पंचाईत झाली," ते म्हणाले आणि एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत खुर्चीला टेकून बसले.

पंचाईत काय झाली ते आधी सांगायला हवं. आबामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, सुभेदार आबासाहेब मोहिते, तालुका तासगाव. पलटणीतून घरी आल्यावर लोक द्राक्षबाग लावतात, नाहीतर पंचायतीला उभे राहतात. मामांनी यातलं काहीच केलं नाही. ते सोयरिकीच्या चौकशा करायला लागले. आमच्या भागात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की पहिला निरोप मामांकडं जायचा. मामा सकाळच्या एस.टी.नं त्या गावात उतरायचे आणि 'म्हैस बघायला आलोय' म्हणून सांगायचे. म्हशीच्या गिऱ्हाइकाशी सगळं गाव बोलतं, शिवाय गोठे बघायच्या निमित्तानं घराघरात डोकावता येतं. गिरणीवाला, न्हावी, स्टँडवरचा चहावाला असं करत संध्याकाळच्या गाडीनं मामा परत यायचे ते त्या घराची कुंडलीच घेऊन. कोण पितो, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, सासू भाकरी मोजून वाढते का, सगळं. त्यांच्या एका 'नको'वर जमत आलेल्या सोयरिकी मोडलेल्या आहेत, आणि त्यातल्या काही पोरी अजून त्यांना राखी पाठवतात.

ही हकिकत पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कॅनडातल्या सस्कॅचवान नावाच्या प्रांतात जनावरांचा डॉक्टर होतो. शिकायला म्हणून गेलो आणि शिक्षण संपल्यावर टू पॉपलर्स नावाच्या गावात नोकरी धरली. पॉपलर म्हणजे एक उंच, सरळसोट झाड. गाव वसलं तेव्हा तिथं अशी दोन झाडं होती. त्यातलं एक केव्हाच वादळात आडवं झालं, पण नाव बदलायला कुणाला सवड नव्हती. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या लारिसा कोवालशी माझं जमलं. तिचे पणजोबा युक्रेनमधून तिथं गहू पेरायला आले होते आणि त्यांच्या घरात अजून तेच चाललं होतं. मी आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "मी येते. आबाला घेऊन येते. तो काय म्हणतोय ते बघून ठरवू."

वडील मी कॉलेजात असतानाच गेले. मला भाऊ नाही, बहीण नाही. आईच्या होकाराशिवाय लग्न करता आलं असतं, कायदा काही आडवा येत नव्हता. पण तिचा नकार पाठीशी घेऊन मी बोहल्यावर चढू शकलो नसतो. माझं मलाच ते माहीत होतं. म्हणजे त्या मार्च महिन्यात माझा सगळा संसार आबामामांच्या जिभेवर येऊन बसला होता, आणि मामा म्हैस नाही म्हणून अडून बसले होते.

"ट्रॅक्टर चालेल का?" मी विचारलं.

मामांचा चेहरा खुलला. "जुना ट्रॅक्टर. व्हय. जुन्या वस्तूच्या गिऱ्हाइकाशी माणूस जास्त बोलतो."

"मी येऊ बरोबर?"

"तू अजिबात यायचं न्हाई. पोरगा संगं असला की लोक गोड बोलत्यात."

"मामा, या गावात माझ्याशिवाय दुसरा हिंदुस्थानी माणूस नाही. तुम्ही माझे कोण, हे दुधपित्या पोरालाही कळेल."

"तुला त्यातलं कळत न्हाई," असं म्हणून त्यांनी पांढरी टोपी नीट केली, वर माझा लालभडक कोट चढवला आणि बाहेर पडले. गुपचूप चौकशीला निघालेला आणि इतक्या लांबून दिसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आई खिडकीशी उभी होती. "रस्त्यावर एक माणूस न्हाई," ती म्हणाली. "संप हाय काय?"

"रोजच असं असतं, आई."

ती मामा दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.

गावात पेट्रोलपंपाला लागून एक छोटं हॉटेल होतं. पेरणी सुरू होईपर्यंत म्हातारे शेतकरी रोज सकाळी तिथं कॉफीला जमायचे. गिरणी, न्हावी आणि स्टँड, सगळं एकाच टेबलावर. मामांनी दार उघडलं आणि पलटणीतल्या खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं की आपण जुना ट्रॅक्टर बघायला आलो आहोत. हे मला नंतर हॉटेलवाल्या बाईनं सांगितलं. डॉक्टरचा मामा पोरीची माहिती काढायला आलाय हे सगळ्या टेबलाला आदल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं खुर्ची सरकवली. पाहुणा ट्रॅक्टर म्हणतोय तर ट्रॅक्टर. दुपार व्हायच्या आत मामांना बरेचसे ट्रॅक्टर, एक धान्याची कोठी आणि एक बैल दाखवून झाला होता.

संध्याकाळी ते नाक लाल करून परत आले. आई स्वयंपाकघरात मसूर निवडत होती. तो मसूर त्याच प्रांतात पिकतो म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं होतं, पण निवडायचं काही तिनं सोडलं नव्हतं. पिशवीत खडा सापडत नाही म्हणून उलट ती वैतागली होती.

"काय कळलं?" मी विचारलं.

"दम धर." मामांनी हात चोळले. "आक्का, हा प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा मोठा हाय."

"आणि माणसं?"

"पुण्यात मावतील. वर जागा उरंल."

आईचा हात थांबला. "एवढ्या मुलखात एवढीच?"

"त्यातबी वरचा निम्मा भाग जंगल आणि तळी. लाखभर तळी हायत म्हणे. तिकडं वस्ती विरळ. बाकीची सगळी ह्या खालच्या अंगाला, गव्हात."

"म्हणजे हाक मारली तर?"

"कुणाला?"

"कुणालाबी."

मामांनी जरा विचार केला. "हाक न्हाई पोचायची. फोन करायचा."

"गावाच्या वेशीवर पाटी बघितली मी येताना," आई म्हणाली. "माणसांचा आकडा लिहिलाय. कोण मेलं की पुसायला जात्यात का?"

"आक्का, ते मीबी विचारलं. म्हणाले, पुसत न्हाई, कारण मोठा आकडा बघून मन रमतं. आणि मला विचारलं तुमच्या गावात किती. मी म्हटलं आठेक हजार. तर म्हणाले, मग त्याला गाव कशाला म्हणता?"

"मामा, लारिसाचं काय कळलं?"

"ते आज न्हाई. आधी मुलूख, मग गाव, मग घर. वरनं खाली यायचं असतं."

दुसऱ्या संध्याकाळी मामा नावावर आले. "ह्या प्रांताचं नाव नदीवरनं पडलंय. क्री म्हणून इथले मूळचे लोक. त्यांच्यातला एक जण बसतो त्या टेबलावर, अर्ल नावाचा. त्यानं मूळ शब्द म्हणून दाखवला, लांबलचक हाय. गोऱ्यांनी आपल्या जिभेला झेपंल तेवढा उचलला. अर्थ काय, तर वेगानं वाहणारी नदी."

"नदीचं नाव," आई म्हणाली. "बरं हाय. पाण्याची ददात नसंल."

"मी बघून आलो की. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडीतनं नेलं. वेगानं वाहणारी म्हणे. उभी हाय. लोक तिच्यावरनं गाड्या घालत्यात."

"गोठलीय, मामा. एप्रिलात सुटते."

"सुटंल तवा सुटंल. मी बघितली ती उभी होती." मामांना स्वतःच्या डोळ्यांपलीकडचा पुरावा चालत नसे. "आणि राजधानीचं नाव रेजायना. म्हणजे राणी. पण ते नाव ठेवायच्या आधी त्या जागेला काय म्हणायचे ठाऊक हाय? हाडांचा ढीग."

आईनं मान वर केली. "कुणाची हाडं?"

"रानगव्यांची."

"मग ठीक," असं म्हणून आई पुन्हा कामाला लागली.

"आणि प्रांताची शीव बघा तुम्ही. हॉटेलच्या भिंतीवर नकाशा हाय. चारी बाजूंनी पट्टी ठेवून ओढलीय. डोंगर न्हाई, नदी न्हाई, काही न्हाई. कुणीतरी जेवणाआधी उरकून टाकल्यागत."

"मग बांधाची भांडणं नसतील."

"भांडायला शेजारी लागतो, आक्का. हितं शेतावर शेजाऱ्याचं घर कोसभर लांब."

"कोसभर," आई नुसतीच पुटपुटली.

ही बाई सून बघायला आली होती की जनगणनेला, मला कळेना. तिनं लारिसाचं नाव काढलं नव्हतं. त्याच आठवड्यात लारिसा घरी आली, आईला वाकून नमस्कार केला, तो मीच शिकवला होता. आईनं तिला जवळ बसवून घेतलं आणि माझ्यामार्फत प्रश्न सुरू केले. उणे चाळीस म्हणजे नेमकं काय होतं? बर्फ दाराशी साठला तर दार कसं उघडता? दिवस केवढासा असतो? औषधाचं दुकान किती लांब? लारिसानं सगळ्याची उत्तरं दिली, शाळेत देतात तशी हात मांडीवर ठेवून.

तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या आईनं माझ्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मी नापास झाले का?"

"मला वाटतं बर्फ नापास होतोय," मी म्हटलं. 

मग एकदाचे मामा घरावर आले. त्या संध्याकाळी ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊनच दारात उभे राहिले. बर्फ वितळायला लागला की तिथले कच्चे रस्ते नुसता लगदा होतात.

"आज खरं बोलणारा माणूस भेटला," ते म्हणाले. "टेबलावर बसतच न्हाई तो. दारात उभा राहिला, मला म्हणाला, माझ्याकडं ट्रॅक्टर आहे, चला. शेतावर नेलं. वाटेत गाडी रुतली, त्यात वेळ गेला. पण ट्रॅक्टर बघण्यासारखा हाय."

"नाव काय त्याचं?"

"नाव विचारलं तर म्हणाला, ट्रॅक्टर बघा. उंच, गोरा, डोक्याला बियाण्याच्या कंपनीची टोपी."

ते वर्णन निम्म्या गावाला लागू पडत होतं.

"मी हळूच विषय काढला. म्हटलं, ते कोवाल म्हणून कोण हायत, त्यांची पोरगी कशी हाय? तर म्हणाला, हट्टी. एकदा नाही म्हटलं की नाही. स्वयंपाकाच्या नावानं शंख. भांडखोर. बापाची गाडी मागं घेताना धान्याच्या कोठीत घातली. आणि मागं एकदा लग्न ठरलेलं, ते तिनंच मोडलं."

वाईट याचं वाटतं की यातलं एकही खोटं नव्हतं. कोठीचा पोचा मी स्वतः बघितला होता.

"मग म्हटलं, बाप कसा हाय? तर म्हणाला, तिच्याहून वाईट." मामांनी बूट काढून भिंतीशी उभे केले. "आता बघ, बाकी सगळं टेबल त्या पोरीचं गुणगान करतंय. सगळे एकाच सुरात. म्हणजे पढवलेले. खरं बोलला तो हा एकटा. आक्का, मला विचारशील तर नको."

ते 'नको' मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, दुसऱ्यांच्या घरांसाठी. ते कसं लागतं हे त्या दिवशी कळलं. मी उठून उभा राहिलो. "मामा, तुम्ही कुणा अनोळखी माणसाच्या बोलण्यावर—"

"आबा," आई मध्येच म्हणाली, "ती गाडी रुतली म्हणालास. मग काढली कुणी?"

"आं? दोघं जण आले की. लांबनं बघितलं असंल. मोठा ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावली, ओढून काढली आणि गेले."

"बोलावलं होतं का?"

"न्हाई."

"काय बोलले?"

"काय न्हाई. हात वर केला आणि गेले."

"बरं," आई म्हणाली. तिनं गॅस बारीक केला. "रविवारी जेवायला बोलावलंय ना पोरीच्या घरी? जाऊ. मग बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. मी सातवीत सायकल मागितली होती, तेव्हाही 'बघू'च होतं. रविवार येईपर्यंत मी एका गाभण गाईला दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा काय बघितलं ते विसरलो. गायीचा मालक म्हणाला, डॉक्टर, तुम्ही घरी जा.

लारिसाच्या वडिलांचं शेत गावापासून बऱ्यापैकी लांब. तिची आई काही वर्षांपूर्वी वारली होती, घरात ते एकटेच. आम्ही अंगणात गाडी लावली, दार उघडलं आणि दारात वॉल्टर कोवाल उभे राहिले. उंच, गोरे. त्या दिवशी टोपी नव्हती, पण मामांना टोपीची गरज पडली नाही.

"या," वॉल्टर म्हणाले. "ट्रॅक्टर न्यायला आलात?"

पलटणीत एक गोष्ट पक्की शिकवतात, काही झालं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. "नो सर," मामा म्हणाले. "डिनर." मग माझ्या दंडाला चिमटा काढून मराठीत फिस्कारले, "हा बाप हाय?"

"हो."

"आणि तू मला आधी दाखवला न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालात, तू यायचं नाहीस."

लारिसा आतून आली. तिनं वडिलांकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि विचारलं, "बाबा, यांना तुम्ही काय सांगितलंत?" वॉल्टर चुलीवरचं पातेलं बघायला गेले. स्वयंपाक त्यांनीच केला होता, कारण उघड आहे. बिटाचं सूप होतं आणि बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, त्यावर परतलेला कांदा आणि घट्ट दही. आईनं पहिला घास घेतला आणि मान हलवली. मामांनी तीन वेळा मागून घेतलं. मनात खजील झाले की ते जास्त जेवतात.

वॉल्टर मात्र ताटात काटा नुसता फिरवत होते. शेवटी त्यांनी मामांना विचारलं, "तुमचं गाव इथून किती लांब?"

"विमानानं जाऊन, मग रेल्वे, मग एस.टी.," मामा म्हणाले. "दोन दिवस धरा."

वॉल्टरनी काटा खाली ठेवला. "मी परवा बोललो ते खरंच बोललो," ते म्हणाले. "पण अर्धंच बोललो. हिची आई गेली तेव्हा ही शहरातली नोकरी सोडून इथं आली. मी बोलावलं नव्हतं. रोज सकाळी शाळेच्या आधी इथं येते, माझ्याशी भांडते, आणि मग जाते. तिनं भांडायला यायचं थांबवलं तर मला उठायचं कशाला तेच कळणार नाही. मला वाटलं, तिचे दोष ऐकून तुम्ही परत जाल."

लारिसा वडिलांकडं बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, आणि तिला बोलता येत नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मामांना चौकशीत आजवर खोटी स्तुती करणारे बाप पोत्यानं भेटले होते. पोरगी जवळ राहावी म्हणून तिचीच बदनामी करत फिरणारा बाप हा पहिलाच.

"काय म्हणतोय तो, आबा?" आईनं विचारलं.

मामांनी सांगितलं. 

आईनं हात पुसले. "त्याला म्हणावं, मी तुझी पोरगी न्यायला आले न्हाई."

मामांनी इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर आईकडं बघत राहिले.

"म्हणावं, माझा पोरगाच आता परत यायचा न्हाई. त्याला ते अजून ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय. फोनवर म्हणतो, आमच्याकडं बर्फ पडला. आमच्याकडं पेरणी लांबली. आमच्याकडं, म्हणतो."

"आई, मी कधी—"

"तू गप." ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. "पोरगी द्यायची असली की आम्ही मुलूख बघतो. पाणी बघतो, वाट बघतो, शेजार कसा हाय बघतो. मला पोरगी न्हाई. मला पोरगा द्यायचा हाय. म्हणून रोज आबाला मुलूख विचारत होते. तुझी पोरगी हट्टी असू दे, भांडखोर असू दे. ती तिच्या मातीत हाय. हा हितं कसा नांदंल, त्याचा मला घोर."

मामा भाषांतर करता करता मध्येच थांबले आणि बहिणीकडं बघायला लागले. इतके दिवस पायपीट करून चौकशी केली ती कसली, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. मला तर अजून कळायचं होतं. मी घास तोंडात तसाच धरून बसलो होतो.

"आबा, पुढचं विचार," आई म्हणाली. "हा आजारी पडला. बाहेर बर्फ हाय. वाट बंद हाय. तर कोण येईल?"

वॉल्टरनी खिडकीतून शेडकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, खरोखरच हिशेब करत असल्यासारखं. "मी येईन," ते म्हणाले. "रस्ता बंद असेल तर ट्रॅक्टरनं येईन. उशीर होईल, पण येईन."

"तो जुना ट्रॅक्टर?" मामांनी न राहवून विचारलं.

"तोच. तो विकायचा कधीच नव्हता."

मामांनी आईला उत्तर समजावून सांगितलं. ती वॉल्टरच्या तोंडाकडं बघत होती. मग म्हणाली, "दिला."

मामा खुर्ची मागं सारून उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, द बॉय इज गिव्हन." वॉल्टरही उठले. दोघांनी हात मिळवला, सोडायचा कधी हे दोघांनाही सुचेना. तिशी ओलांडलेला, अख्ख्या तालुक्याएवढ्या मुलखातल्या गायींची बाळंतपणं करणारा मी, त्या टेबलावर दिला गेलो, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. लारिसा तोंडाला रुमाल लावून हसत होती. नीट बघितलं तर ती हसत नव्हती.

"एक राहिलं," आई म्हणाली. "पहिल्या दिवाळीला मी आबाला मुराळी धाडीन. तवा अडवायचं न्हाई म्हणावं."

हे इंग्रजीत सांगताना मामांची फार ओढाताण झाली. लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरीला पहिल्या सणाला माहेरी न्यायला घरचं माणूस येतं, तो मुराळी. पोरगा आणायला मुराळी गेल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. मामांनी हात हलवून, रस्ता दाखवून, कुणाचं बोट धरून चालल्यासारखं करून सगळं समजावलं. वॉल्टर एकदाही हसले नाहीत. भिंतीवर कॅलेंडर होतं, तिथं जाऊन उभे राहिले.

"हा सण केव्हा असतो?"

"ऑक्टोबर सरता सरता," मी म्हणालो. "नाहीतर नोव्हेंबरात."

"तोवर कापणी झालेली असते." वॉल्टरनी मान डोलावली. "मग न्या. पण परत आणून सोडायचं."

मामांनी आईला सांगितलं.

"सोडीन म्हणावं," ती म्हणाली. आणि मग, इतके दिवस मुलूख, माणसं आणि थंडीच तेवढी विचारणारी माझी आई त्या परक्या स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडायला लागली, पोरगी सासरी धाडताना रडतात तशी.